सोफ्यावर आमटी, गालिच्यावर चहा: डाग काढण्याची रीत

सोफ्यावर आमटीची वाटी लवंडली की घरातले एक माणूस ओला फडका आणायला धावते आणि दुसरे साबणाची वडी. दोघांनाही थांबवा. हळदीला साबण लागला की पिवळा डाग लालसर तपकिरी होतो आणि ओल्या फडक्याने चोळला की टिचभराचा वीतभर होतो. ‘आता हा काही जायचा नाही’ म्हणून सोडून दिलेले बरेच डाग मुळात तसे हट्टी नसतात. पहिल्या पाच मिनिटांतली घाई त्यांना पक्के करते. कपडा बादलीत बुचकळता येतो, नळाखाली खळखळून धुता येतो. सोफा, गालिचा, गादी यांचे तसे नाही. आत मुरलेले बाहेर काढायला एकच वाट असते, ती म्हणजे वरून टिपून घेणे. म्हणून या कामात पाणी जितके कमी तितके बरे.

आधी टिपा

घट्ट पदार्थ असेल (भाजी, दही, वरणभात) तर चमच्याच्या कडेने किंवा जुन्या एटीएम कार्डाने बाहेरून आत असा खरवडून उचला. आतून बाहेर ओढला तर डाग पसरतो. पातळ पदार्थ असेल तर पांढरा सुती पंचा किंवा जुना बनियन घडी करून वर ठेवा आणि तळहाताने दाबा. दाबायचे, उचलायचे, कोरडी बाजू पुढे घ्यायची, पुन्हा दाबायचे. फडक्यावर रंग येणे थांबेपर्यंत एवढेच करत राहा. गालिचा असेल तर फडक्यावर टाचेने भार दिला तरी चालतो. फडका पांढराच हवा, कारण रंगीत फडक्याचा स्वतःचा रंग सुटून डागात भर पडते. वर्तमानपत्र तर अजिबात नको, त्याची शाई उतरते.

कोरडी पूड सांडली असेल (हळद, कुंकू, गुलाल, रांगोळी, उदबत्तीची राख) तर उलटा नियम: पाण्याचा थेंबही लावायचा नाही. व्हॅक्यूम क्लीनरची नळी ब्रश न लावता डागाच्या अगदी जवळ, पण न टेकवता धरा आणि ओढून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर गालिचा उचलून बाहेर नेऊन मागच्या बाजूने झटका. गणपतीत आणि होळीत गुलालाचे जे डाग राहतात, त्यांतले बहुतेक कोणीतरी ओल्या हाताने पुसायला गेल्यामुळे राहिलेले असतात.

कापड कोणते आहे ते बघा

तयार सोफ्याच्या गादीखाली कधीकधी चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर ‘डब्ल्यू’ असेल तर पाण्याने साफ करता येते, ‘एस’ असेल तर फक्त ड्रायक्लीनिंगचे द्रावक, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही चालते आणि ‘एक्स’ म्हणजे व्हॅक्यूमखेरीज काहीही लावू नका. आपल्याकडे कारागिराकडून घरी बनवून घेतलेल्या सोफ्याला अशी चिठ्ठी नसते. मग शिवणीच्या आतून एक धागा काढा आणि चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि मागे चुरा होणारी राख राहिली तर लोकर किंवा रेशीम. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सुती, ताग किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा). धागा वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर, नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम धागा.

ही तपासणी वेळखाऊ वाटेल, पण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर आहेत. लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत. क्लोरीनचे ब्लीच त्यांना अक्षरशः विरघळवते, धुण्याचा सोडा त्यांना खरखरीत करतो आणि रक्त किंवा दुधाचे डाग खाणारी एन्झाइमची डिटर्जंट त्या धाग्यालाही हळूहळू खातात. ‘बांबू सिल्क’ किंवा ‘आर्ट सिल्क’ नावाने विकले जाणारे चकचकीत गालिचे बहुधा व्हिस्कोसचे असतात. त्यांच्यावर नुसते पाणी सांडले तरी पिवळट कडक डाग पडतो. अशा गालिच्यावर टिपण्यापलीकडे घरी काही करू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

कोणतेही द्रावण आधी लपलेल्या जागी लावून बघा: सोफ्याच्या पाठीमागे खाली किंवा गालिच्याच्या कोपऱ्यात. द्रावणाने भिजवलेला पांढरा कापूस तिथे दहा मिनिटे दाबून ठेवा. कापसावर रंग आला तर ते द्रावण नको. आला नाही तरी ती जागा पूर्ण वाळू द्या आणि मगच निकाल ठरवा. ओले कापड नेहमी गडद दिसते, त्यामुळे उडालेला रंग ओलेपणी कळत नाही.

कपाटात ठेवायचे सामान

महागड्या फवाऱ्यांची गरज क्वचितच पडते. भांडी घासायचे द्रव साबण घ्या. वडी नको, कारण वडीत सोडा असतो आणि तो अल्कधर्मी असतो. पांढरे व्हिनेगर, खाण्याचा सोडा, टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर, औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. या शेवटच्या बाटलीवरचा आकडा वाचून घ्या. औषधाच्या दुकानात बऱ्याचदा ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली मिळते. ते साधारण ६ टक्क्यांचे असते. आपल्याला ३ टक्के हवे, म्हणजे तेवढेच पाणी घालून निम्मे करायचे. ‘१० व्हॉल्यूम’ असेल तर तसेच वापरा. उजेडात ते निकामी होते, म्हणून गडद बाटलीतच ठेवा आणि लागेल तेवढेच बाहेर काढा.

दोन द्रावणे लक्षात ठेवली की बरेचसे काम भागते. साबणपाणी: २०० मिलिलिटर गार पाण्यात अर्धा चहाचा चमचा द्रव साबण. याहून जास्त घातला तर साबण कापडातच राहतो, चिकट होतो आणि महिन्याभरात तिथे धुळीचा काळा ठिपका तयार होतो. आंबटपाणी: एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस काढण्याची युक्ती सगळीकडे फिरते. दिसायला छान, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि हातात येते ते जवळपास खारट पाणी. दोन्ही वापरायचे तर वेगवेगळ्या वेळी. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर, लिंबू किंवा अमोनिया चुकूनही मिसळू नका. विषारी वायू सुटतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडही एका बाटलीत भरून ठेवू नयेत.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गालिच्याखाली संगमरवर, कोटा, कडप्पा किंवा शहाबादी फरशी असेल तर व्हिनेगर-लिंबू लावण्याआधी खाली प्लास्टिक सरकवा. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. आम्ल झिरपले की पॉलिश जाते आणि गालिचा साफ होऊन खाली फरशीवर पांढुरका ओघळ राहतो.

हळद

मराठी घरातल्या डागांची राणी हीच. हळदीचा रंग कर्क्युमिनचा. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. आमटी-भाजीत तो फोडणीच्या तेलात उतरलेलाच असतो, म्हणून सोफ्यावर पडलेला हळदीचा डाग म्हणजे प्रत्यक्षात रंगीत तेलाचा डाग. त्याला पाणी लावून काही होत नाही, आणि तेल काढल्याशिवाय रंग निघत नाही. शिवाय कर्क्युमिन अल्कलीत लाल होते. साबणाच्या वडीने, धुण्याच्या सोड्याने डाग लाल झाला तर घाबरू नका, आंबटपाणी लावले की तो परत पिवळा होतो. गेला मात्र नाही, नुसता मूळ रंगावर आला.

क्रम असा. खरवडून आणि टिपून झाल्यावर डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर पाव इंचाच्या थराने पसरा आणि अर्धा तास राहू द्या. पावडर पिवळी, ओलसर दिसू लागली की व्हॅक्यूमने ओढा. तेल जास्त असेल तर पुन्हा एकदा. मग साबणपाण्याचा फेस करा, फक्त फेस फडक्यावर घ्या आणि कडेकडून मध्याकडे टिपा. दुसऱ्या फडक्याने साधे पाणी लावून टिपा. इथवर आले की तेल बहुतेक निघालेले असते आणि फिकट पिवळा रंग उरतो.

आता स्पिरिट. ते कापडावर ओतू नका, फडक्यावर घ्या आणि डागावर दाबा. फडका पिवळा होईल. जागा बदलत पाचसहा वेळा करा. खोलीची खिडकी उघडी हवी आणि जवळ समई, उदबत्ती, गॅस काही पेटलेले नको. यंत्राने शिवलेल्या टफ्टेड गालिच्यात धागे मागून लॅटेक्सच्या गोंदाने चिकटवलेले असतात, त्यामुळे तिथे स्पिरिट वरवरच लावावे. थिनर, पेट्रोल तर या गोंदाला आणि फोमलाही मऊ करतात. शिवाय ती घरात पेटण्याची भीती वेगळीच.

तरीही पिवळेपणा राहिला आणि कापड सुती किंवा पॉलिस्टर, फिकट रंगाचे असेल तर ३ टक्के पेरॉक्साइड कापसाने लावा, पंधरावीस मिनिटे राहू द्या, मग पाण्याच्या फडक्याने टिपून काढा. गडद कापडाला हे नको, मूळ रंग उडतो.

यानंतरही जो उरतो त्याला ऊन. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. म्हणून आपल्याकडे हळदीने माखलेले सुती कापड धुऊन उन्हात टाकायची पद्धत आहे आणि ती अगदी शास्त्रीय आहे. सोफ्याची सुटी गादी गच्चीवर नेऊन दोन-तीन दुपारी ठेवा. फक्त डागाची जागा उघडी ठेवून बाकीचे पांढऱ्या चादरीने झाका, नाहीतर सगळीच गादी फिकी पडेल. गच्ची नसेल तर खिडकीच्या काचेतून आत येणारे ऊनही चालते, कारण कर्क्युमिन दिसणारा निळसर प्रकाशही शोषून घेते. मात्र दिवस जास्त लागतात. डाग आधी किंचित ओलसर करून ठेवला तर लवकर उतरतो.

कुंकवाचेही हेच, पण आधी ओळख पटवा. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीला चुन्यासारखी अल्कली देऊन लाल केलेले असते. हल्लीचे बरेचसे कृत्रिम रंगाचे. व्हॅक्यूम करून झाल्यावर उरलेल्या ठिपक्यावर कापसाने आंबटपाणी लावा. पिवळा झाला तर हळदीच्या वाटेने जा. लालच राहिला तर कृत्रिम रंग आहे; स्पिरिटचा फडका, मग साबणपाणी, आणि तेवढ्याने गेले नाही तर थांबा.

चहा, कॉफी आणि फळे

आपला चहा म्हणजे तीन डाग एकावर एक: पत्तीचे टॅनिन (तुरट, रंग देणारे द्रव्य), दुधातले प्रथिन आणि स्निग्धांश, आणि साखर. प्रत्येकाची आवडनिवड वेगळी. दुधासाठी पाणी गारच हवे, कारण गरम पाण्याने प्रथिने गोठून धाग्याला धरतात. टॅनिनला आम्ल हवे. साबणाच्या वडीने ते जास्त तपकिरी होते. साखर साध्या पाण्याने जाते, पण लोक ती काढायला विसरतात. डाग गेला म्हणून काम संपले असे वाटते आणि पंधरवड्याने नेमक्या त्याच जागी धूळ बसून काळपट वर्तुळ उठते.

टिपून झाल्यावर गार पाण्याचा फवारा मारून दोनदा टिपा. मग साबणपाण्याच्या पेल्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते फडक्याने लावा, पाच मिनिटे थांबा, टिपा. शेवटी नुसत्या पाण्याने पुन्हा दोनदा. राहिलाच फिकट तपकिरी रंग तर पेरॉक्साइड, हळदीसारखेच. कोऱ्या चहाला आणि कॉफीला सुरुवातीपासूनच आंबटपाणी चालते.

जांभूळ, कोकम यांचे रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर होतात, तेव्हा त्यांनाही व्हिनेगर आधी, साबण नंतर. आमरसात आंब्याचा गर, साखर आणि केशरी रंग असतो. गार पाण्याने टिपा, साबणपाणी लावा आणि उरलेल्या केशरी झाकेला हळदीसारखे ऊन दाखवा. केळीच्या बुंध्याचा किंवा कच्च्या केळ्याचा चीक मात्र वाळून तपकिरी झाला की घरच्या उपायांना दाद देत नाही. पूजेच्या मखराला लावलेले केळीचे खुंट गालिच्यावर टेकवू नयेत, इतकेच सांगता येते.

पानाच्या पिंकेत कात आणि चुना दोन्ही असतात. काताचे टॅनिन चुन्याच्या अल्कलीत लाल होते. आंबटपाणी, मग साबणपाणी, मग पेरॉक्साइड या क्रमाने बराच उतरतो. लोकरीवर पूर्ण जाईल अशी आशा ठेवू नये. मेंदीचेही तसेच. तिचा रंग प्रथिनाला जोडला जातो, म्हणूनच तो हातावर चढतो आणि तसाच लोकरी गालिच्यावरही. ओली मेंदी पडली तर मिनिटाच्या आत उचला आणि गार पाण्याने टिपा. एकदा वाळली की तो रंग काढायचा नाद सोडा.

तेल, तूप आणि डोक्याचे तेल

सांडलेल्या तेलाला टाल्कम पावडर किंवा मुलतानी माती. मुलतानी माती तेल चांगली ओढते, पण फिकट कापडावर तिचा स्वतःचा मातकट रंग बसतो, तेव्हा गडद गालिच्यापुरतीच ठेवा. थर रात्रभर राहू दिला तरी हरकत नाही. सकाळी व्हॅक्यूम करा, मग द्रव साबणाचे दोन थेंब न पातळ करता बोटाने हलके लावा, पाच मिनिटांनी कोमट पाण्याच्या फडक्याने चारपाच वेळा टिपून साबण पूर्ण काढा. तूप किंवा खोबरेल थंडीत थिजलेले असेल तर ते आधी खरवडून घ्या, वितळू देऊ नका. खोबरेल सुमारे २४ अंशांना वितळते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी हे काम सोपे आणि मे महिन्यात अशक्य.

सोफ्याच्या पाठीवर डोके टेकायच्या जागी जो काळपट, चकाकणारा पट्टा येतो तो डोक्याचे तेल, घाम आणि धूळ यांचा. एका फटक्यात जात नाही. आधी व्हॅक्यूम, मग स्पिरिटचा फडका, मग साबणपाण्याचा फेस. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. आजीच्या काळी सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल टाकलेले असत, ते शोभेपेक्षा याच कामासाठी होते. धुता येणारा रुमाल टाकणे हा अजूनही सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

रक्त, लघवी, उलटी

रक्ताला गार पाणी, गरम कधीच नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ घालून टिपा. फिकट कापडावर नंतर ३ टक्के पेरॉक्साइड लावा. रक्तातल्या एन्झाइममुळे ते फसफसते आणि तो फेसच डाग वर आणतो. फेस टिपा, पुन्हा लावा, फसफसणे थांबले की गार पाण्याने पुसा.

बाळाने गादी ओली केली तर पहिले काम भाराचे. जाड टॉवेलची चौघडी ठेवून त्यावर उभे राहा, टॉवेल बदला, पुन्हा उभे राहा. फोममध्ये शिरलेली लघवी पृष्ठभाग पुसून निघत नाही. मग आंबटपाण्याचा फवारा, दहा मिनिटे, पुन्हा टिपणे, पंखा. पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम करा. ओल्या गादीवर सोडा टाकला तर त्याची खपली धरते.

कुत्र्या-मांजराच्या लघवीसाठी एन्झाइमचे तयार द्रावण घेणे योग्य, कारण वासाचे मूळ असलेले युरिक आम्लाचे खडे साध्या साबणाने निघत नाहीत. जिथवर लघवी मुरली तिथवर द्रावण पोहोचले पाहिजे आणि ते बाटलीवर लिहिलेला वेळ ओले राहिले पाहिजे. लगेच पुसले तर पैसे वाया. वाफेचे यंत्र लावू नका, उष्णतेने वास आणि डाग दोन्ही बसतात. फिनाइलही नको. त्याने वास झाकतो, जात नाही, आणि त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराला विषारी असतात.

उलटी खरवडून उचलल्यावर तिच्यावर खाण्याचा सोडा टाका. तो आम्ल मारतो आणि ओलही शोषतो. पंधरा मिनिटांनी उचलून गार साबणपाण्याने टिपा. पोटात हळदीचे जेवण असेल तर सोड्याने डाग लाल दिसेल. साबणपाणी निघाल्यावर आंबटपाण्याचा एक हात द्या.

बाकीचे थोडक्यात

बॉलपेनची रेघ: स्पिरिट कापसाच्या बोळ्याने, रेघेच्या दिशेतच टिपत, आडवे चोळले की निळा ढग होतो. हातावरचे सॅनिटायझर चालते, पण जेलचा चिकटा नंतर पाण्याने काढावा लागतो. जेल पेनचा रंग बहुतेक वेळा रंगद्रव्याचा असतो आणि स्पिरिटमध्ये विरघळत नाही. रेक्झिनवर स्पिरिट दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, वरचा थरच निघतो. खऱ्या चामड्यावर व्हिनेगर, पेरॉक्साइड, स्पिरिट काहीच नको. साबणपाण्याचा घट्ट पिळलेला फडका फिरवा आणि लगेच कोरडे करा.

मेणबत्तीचे मेण, च्युइंगगम: प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून दहा मिनिटे ठेवा, कडक झाले की तोडून काढा. मेणाचा उरलेला अंश तपकिरी कागद ठेवून अगदी मंद इस्त्रीने कागदात ओढून घ्या. गालिचा पॉलीप्रोपिलीनचा असेल तर इस्त्रीऐवजी हेअर ड्रायर, कारण तो धागा साधारण १६० अंशांना वितळतो आणि सुती कापडाच्या खुणेवरची इस्त्री त्याहून बरीच तापलेली असते. नेलपॉलिशला ॲसिटोन लागते, पण ते ॲसिटेटचे कापड विरघळवते आणि रेक्झिन खराब करते. थेंबभर, चाचणी करूनच.

लोखंडी कपाटाच्या पायाखाली पडलेला गंज: लिंबाचा रस आणि मीठ, अर्धा तास, मग पाण्याने तीनदा. इथे ब्लीच लावले तर गंज पक्का होतो. चिखल मात्र ओला असताना हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने सैल करा, व्हॅक्यूमने ओढा. तीनचतुर्थांश काम पाण्याशिवाय होते.

डाग परत का उगवतो

साफ केलेली जागा संध्याकाळी छान दिसते आणि सकाळी तिथेच तपकिरी वर्तुळ असते. याचे कारण खालच्या थरात राहिलेला पदार्थ. वरचा भाग आधी वाळतो आणि खालचा ओलावा धाग्यांतून वर चढताना आपल्याबरोबर डाग घेऊन येतो. तागाचे अस्तर असलेल्या गालिच्यात तर ताग स्वतःच तपकिरी रंग सोडतो. दोन्हीवर उपाय एकच: शेवटचे टिपून झाल्यावर त्या जागी कोरड्या पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवा, त्यावर प्लास्टिक, त्यावर पाण्याने भरलेला मोठा डबा. रात्रभरात वर चढणारा ओलावा टॉवेलमध्ये जातो. सकाळी टॉवेलवर तो तपकिरी डाग बघायला मिळतो.

वर्तुळाकार कडा राहत असतील तर डागाभोवतीचा चार बोटे भाग पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ओलसर करून आत टिपत आणा, म्हणजे ओल्या-कोरड्याची सीमारेषा पुसट होते.

पावसाळ्यात

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सोफ्याची गादी भिजवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. फोम ओला राहिला तर एक-दोन दिवसांत वास सुरू होतो. त्या दिवसांत फेसाने आणि स्पिरिटनेच भागवा, फवाराही जपून. भिजलेच तर गादी भिंतीला उभी टेकवा, दोन्ही बाजूंनी पंखा आणि खोलीत एसी असेल तर ‘ड्राय’वर ठेवा. साखळी (झिप) उघडून अभ्रा काढता येतो म्हणून तो यंत्रात टाकू नका. ती साखळी फोम घालण्यासाठी असते. अभ्रा आकसला तर परत चढत नाही, आणि नाही आकसला तरी रंग उडून बाकीच्या सोफ्याशी जुळत नाही.

सुती सतरंजी आणि जमखाना यांचे काम सोपे, ते धुता येतात. पण पट्ट्यांचे रंग सुटतात, तेव्हा गार पाणी, कमी साबण, एकदम भिजत ठेवणे नाही आणि ओली घडी तर मुळीच नाही. पसरून, उलट बाजू वर करून सावलीत वाळवा.

कुठे थांबावे

तीन फेऱ्यांनंतर फडक्यावर रंग येणे थांबले आणि डाग तसाच असेल तर रंग धाग्यात शिरला आहे. आणखी घासून कापडाची लव विस्कटेल, डाग हलणार नाही. डाग आजूबाजूच्या कापडापेक्षा फिकट दिसत असेल तर तो डाग नव्हेच, मूळ रंग उडालेला आहे, आणि त्याला सफाईचा उपाय नाही.

भदोहीचे हाताने विणलेले लोकरी गालिचे, काश्मिरी रेशमी गालिचे आणि मखमलीचे जुने दिवाण यांना पहिले टिपणे घरी करावे आणि बाकीचे गालिचे धुणाऱ्याकडे सोपवावे. देताना दोन गोष्टी नक्की सांगा: काय सांडले होते आणि घरी त्यावर काय काय लावले. पेरॉक्साइड किंवा व्हिनेगर लावलेल्या जागेवर धुणाऱ्याची रसायने वेगळी वागतात, आणि हे माहीत नसेल तर चांगला कारागीरही त्या जागेचा रंग घालवून बसतो.